वडिलांच्या नावावरची पुस्तके

येवल्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा ठरलेल्या तीन वाटांनी जातो. एक वाट तात्या टोपे यांची, कारण त्यांचा जन्म येवल्याचा. दुसरी १३ ऑक्टोबर १९३५ची. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धर्मांतराची घोषणा केली आणि येवल्याचे नाव देशभर पोहोचले. तिसरी वाट अर्थातच पैठणीची. गेली वीसेक वर्षे मीही याच वाटांनी हिंडलो. जुन्या पावत्या, मागवाल्यांचे हिशेब, सभांची पत्रके, जे हाती लागेल ते गोळा केले. चार वर्षांपूर्वी मात्र एका अगदी साध्या प्रश्नापाशी मी अडलो. आमच्या गावातल्या बायका दुपारी काय वाचत होत्या?

हा प्रश्न पडला तो एका नोंदवहीमुळे. तालुक्यातल्या एका वाचनालयात जुन्या कागदांची आवराआवर चालली होती. ‘बघा, तुमच्या कामाचं काही असलं तर,’ म्हणून मला बोलावणे आले. गठ्ठ्यात देवघेवीची एक जुनी वही होती. बाइंडिंग सुटलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पाने उलटताना अचानक माझ्या वडिलांचे नाव दिसले आणि त्यापुढे पुस्तकांची रांग. ना. सी. फडके, चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, पुन्हा फडके, पुन्हा काकोडकर.

माझ्या वडिलांनी जन्मात एकही कादंबरी वाचली नाही. ते मागावर बसत. वाचायचे म्हटले तर वर्तमानपत्र आणि पंचांग. या सगळ्या कादंबऱ्या आईच्या. वाचनालयाचे सभासदत्व वडिलांच्या नावावर होते, आणि पुस्तक बदलून आणायला पिशवी घेऊन जाणारा पोरगा मी.

उद्या एखादा परगावचा अभ्यासक ही वही बघेल आणि प्रामाणिकपणे लिहून जाईल की, १९७०च्या दशकात येवल्याचे विणकर पुरुष प्रेमकथांचे मोठे शौकीन होते. कागद त्याच्या बाजूने बोलेल. खऱ्या वाचकाचा त्या कागदावर मागमूसही नाही. मराठी प्रेमकादंबरीच्या वाचकाचा शोध घ्यायचा तर अडचण इथूनच सुरू होते. लेखकांचा इतिहास आहे, टीकाकारांचा आहे, कोर्टकचेऱ्यांचाही आहे. जिच्यासाठी हे सारे लिहिले गेले, जिच्या नावाने भांडणे झाली, ती बाई मात्र कुणाच्या तरी नावाआड बसली आहे. या लेखात मी त्या बाईच्या मागावर निघालो आहे.

१८६८ : प्रेमच नाही तर गोष्ट कशाची?

मराठीत कादंबरी रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि तिच्या पाठोपाठ अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एक माळच लागली. तीतली गाजलेली कादंबरी म्हणजे नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८). राजपुत्र, राजकन्या, विरह, संकटे आणि शेवटी मीलन, असा तो मामला.

या कादंबरीची प्रस्तावना मात्र जमिनीवरची आहे. रिसबुडांनी लेखकाची अडचण मोकळेपणाने मांडली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात चटकदार म्हणावे असे काही घडत नाही. रोजचे अनुभव लिहिले तर त्यात वाचकाला गोडी वाटणार नाही. त्यामुळे करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो.

थोडे थांबून पाहिले तर ही मराठी प्रेमकथेबद्दलची पहिली समाजशास्त्रीय टिप्पणी म्हणावी लागेल. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी लागणार, वर वडीलधारे ठरवणार, नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलणेही चालणार नाही. अशा घरात ‘तो तिला प्रथम भेटला’ हे वाक्यच लिहिता येत नाही. प्रेमाची गोष्ट सांगायची तर ती राजवाड्यात न्यावी लागते, कारण वाड्यातल्या माजघरात तिला जागा नाही.

पुढे इंग्रजी शाळेतून आलेल्या पिढीला रेनॉल्ड्स सापडला. हा इंग्लंडातला लोकप्रिय कादंबरीकार. त्याच्या स्वतःच्या देशातल्या विद्वानांनी त्याला फारसे जवळ केले नाही. हिंदुस्थानात मात्र त्याची भाषांतरे आणि रूपांतरे धडाक्याने झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) देखील रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिली. हरिभाऊ तिथे थांबले नाहीत. पाचच वर्षांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली आणि माजघरातली मुलगी स्वतःच्या तोंडाने बोलू लागली. इतरांचे रेनॉल्ड्सप्रेम चालूच राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, तेव्हा युरोपातले थोर कादंबरीकार सोडून मराठी लेखक रेनॉल्ड्सच्या मागे लागले याबद्दल त्यांनी चांगलेच फटकारले.

राजवाड्यांचे म्हणणे लेखकांपुरते होते आणि ते खोटे नव्हते. पण ती पुस्तके कुणीतरी विकत घेत होते, कुणीतरी मागून नेत होते. ते कोण, त्यांना त्यात काय सापडत होते, हे विचारावे असे त्या काळी कुणाला वाटले नाही. वाचकाची चौकशी न करता त्याच्या आवडीवर निकाल द्यायची ही रीत पुढची शंभर वर्षे टिकली.

फडके आले आणि मुलगी कॉलेजात गेली

ना. सी. फडके (१८९४-१९७८) यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ १९१७ची. ती इंग्रज लेखिका मेरी कोरेली हिच्या एका कादंबरीवर बेतलेली होती. कोरेली ही त्या काळची प्रचंड खपाची लेखिका आणि समीक्षकांच्या टिंगलीचा हुकमी विषय. पुढे फडक्यांच्या वाट्यालाही हाच खप आणि हीच टिंगल आली. ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी त्यांनी मराठी वाचक, विशेषतः तरुण वाचक, ताब्यात घेतला.

रिसबुडांची जी अडचण होती ती फडक्यांना का आली नाही? एक कारण त्यांच्या लेखणीत होते आणि दुसरे समाजात. शहरांतल्या पांढरपेशा घरांत मुलींची लग्ने लांबू लागली होती आणि थोड्या का होईनात, पण मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या. १९२९ मध्ये शारदा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा ठरले. कायदा सर्रास मोडला गेला, हे खरे. तरीही मुलगी आणि लग्न यांच्या मध्ये काही वर्षांची मोकळी जागा तयार झाली, आणि फडक्यांची कादंबरी त्या जागेत वाढली. तो तिला कॉलेजात भेटतो, टेनिसच्या मैदानावर भेटतो, मोटारीत भेटतो. गैरसमज होतो, तो फिटतो. प्रेमकथेला राजकन्या शोधायची गरज उरली नाही.

येवल्यात कॉलेज नव्हते, टेनिसचे मैदान नव्हते, आणि मोटारीतून फिरणारी सुशिक्षित नायिका तर नव्हतीच. म्हणून फडक्यांचे जग खोटे, गुळगुळीत, मूठभरांचे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप बरोबर आहे. आमच्या आईलाही ते माहीत होते. ‘असं कुठं असतं का,’ असे ती वाचता वाचता म्हणायची आणि पान उलटायची. जे आपल्याकडे नाही ते नाही, हे वाचणारीला पुस्तक वाचून कळत नव्हते. ते तिला आधीच ठाऊक होते.

फडके आणि वि. स. खांडेकर यांचा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळे शिकलो. वाचकाला आनंद देणे हे कलेचे काम, ही फडक्यांची बाजू. जीवनाला दिशा देणे हे काम, ही खांडेकरांची. फडके १९४०च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर खांडेकर लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला. वाद व्यासपीठावर रंगला. वाचनालयाच्या कपाटात मात्र दोघे शेजारी होते आणि आमच्या घरी तर पाठोपाठ येत. ‘खांडेकर वाचले की जीव जड होतो, मग फडके आण,’ असा आईचा हिशेब होता. एवढ्या मोठ्या वादाचा तिने असा निकाल लावला होता, आणि तो वाद झाला होता हेही तिला माहीत नव्हते.

याच काळातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले त्यात इतके उघडपणे लिहिले होते की मोठे वादळ झाले. ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव होते आणि त्यामागे मालतीबाई बेडेकर होत्या. त्या पिढीत लिहिणाऱ्या बाईला नावाआड जावे लागले. वाचणाऱ्या बाईला तर पुढची चाळीस-पन्नास वर्षे तसेच राहावे लागले.

दिवाळी अंक आरोपीच्या पिंजऱ्यात

आपण हे जिथे वाचत आहात त्या दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. दिवाळी अंकामुळे मराठीत एक खास प्रकार रुजला. तो म्हणजे एका बैठकीत संपणारी, अंकातच पुरी होणारी दीर्घकथा किंवा लघुकादंबरी. ‘संपूर्ण कादंबरी’ हे शब्द मुखपृष्ठावर ठळक छापलेले असत. कादंबरी विकत घेणे ज्यांना परवडत नसे त्यांना एका अंकात एक आख्खी प्रेमकथा मिळे, शिवाय शेजारणीशी अंकांची अदलाबदल करून आणखी चार.

१९६२च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा विषय. ही कथा अश्लील आहे अशी फिर्याद झाली. भारतीय दंडविधानाचे कलम २९२ लागले.

या कलमाखाली अश्लील काय ते ठरवण्याची कसोटी आली होती इंग्लंडातून, १८६८च्या हिकलिन खटल्यातून. ज्यांचे मन अशा वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकते, अशांच्या हाती ते लिखाण पडले तर ते बिघडतील का, हा त्या कसोटीचा गाभा. ‘मंजुघोषा’ आली तेच हे वर्ष. इकडे रिसबूड म्हणत होते की आमच्या आयुष्यात प्रेमाची गोष्ट घडतच नाही. त्याच वर्षी लंडनच्या न्यायाधीशाने घालून दिलेला नियम पुढे मराठी प्रेमकथेच्या मानगुटीवर बसायचा होता.

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या खटल्यात हीच कसोटी मान्य करून मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. त्यामुळे काकोडकरांपुढची वाट सोपी नव्हती. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून दोषी ठरवले आणि पंचवीस रुपये दंड केला. रक्कम किरकोळ होती, पण अश्लील लिहिणारा हा कायद्याचा शिक्का जन्मभर राहिला असता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी काकोडकर निर्दोष सुटले.

तो निकाल मी अनेकदा वाचला आहे. न्यायालयाने म्हटले त्याचा सारांश असा. अश्लीलतेची कल्पना देशादेशांत आणि काळाप्रमाणे बदलते, आणि आपल्या समाजाची मापेही झपाट्याने बदलत आहेत. केवळ लैंगिक गोष्टींचा उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांच्या हाती देण्याजोगी नाही असे ठरवले, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही. निव्वळ धार्मिक पुस्तकेच त्यांच्या वाट्याला उरतील. ‘श्यामा’ फार उच्च दर्जाची नसेल, विषयाच्या वरवरच्या हाताळणीमुळे ती कच्चीही वाटेल, पण तिने वाचणारा बिघडेल असे त्यात काही नाही.

मराठी लेखकाच्या बाजूने लागलेला हा महत्त्वाचा निकाल आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. पण निर्दोष सुटका झाली तीही नाक मुरडूनच, हे नजरेआड करता येत नाही. आणखी एक गोष्ट मला टोचते. खटला लेखकावर चालला तरी त्यात खरी परीक्षा वाचकाची होती. कुणाच्या हाती हे पडेल? तो कच्चा आहे का? बिघडेल का? फिर्याद, बचाव आणि तीन पायऱ्यांची न्यायालये, सगळे मिळून सात वर्षे एका वाचकाबद्दल बोलत राहिले. तो वाचक त्या सगळ्या वादात एक कल्पना म्हणूनच राहिला.

त्याच १९६९च्या डिसेंबरात राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. राजेश खन्ना, मुमताज, एकत्र कुटुंबाची गोष्ट. देशभर घरेच्या घरे तो पाहायला गेली. त्याचे मूळ काकोडकरांची ‘नीलांबरी’ ही कादंबरी, आणि उत्कृष्ट कथेचे फिल्मफेअर पारितोषिकही काकोडकरांना मिळाले. ऑगस्टपर्यंत ज्याच्या लिखाणाने लोक बिघडतात की काय याचा विचार न्यायालयात चालला होता, त्याच लेखकाची गोष्ट डिसेंबरात लोक मुलाबाळांसह पाहत होते.

दुपारी दोन ते चार

आता पुन्हा येवल्याकडे. पैठणीच्या घरात पुरुष मागावर असला तरी बाईचे काम संपत नाही. कांड्या भरणे हे आमच्याकडे बहुतेक बायकांचे आणि पोरांचे काम. सकाळचा स्वयंपाक, धुणी, पाणी, कांड्या, असे करता करता दुपार होई. दोन ते चार हा वेळ त्यातल्या त्यात मोकळा. माग थांबलेला, पुरुष जेवून आडवे झालेले, आणि आई उजेडासाठी दाराजवळ पुस्तक घेऊन बसलेली. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर. ते पुस्तक खराब होऊ नये म्हणून, असे मी समजत होतो. मुखपृष्ठावरचे चित्र घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसू नये म्हणून ते घातलेले असे, हे फार पुढे कळले.

आमच्या सभासदत्वावर प्रत्यक्षात चार घरे वाचत. एक पुस्तक आधी आईचे. मग भिंतीपलीकडच्या काकूंचे, मग आणखी दोघींचे, आणि मुदत संपायच्या दिवशी मी वाचनालयात हजर. आमच्या मागच्या बोळातल्या एका मावशींना वाचता येत नव्हते. त्या कांड्या भरायला आमच्याकडे येऊन बसत आणि आई त्यांना हलक्या आवाजात वाचून दाखवी. १९५१च्या जनगणनेत देशातल्या बायकांपैकी साक्षर सुमारे नऊ टक्के होत्या, १९८१ मध्ये सुमारे तीस. हे आकडे पाहिले की पुस्तक ऐकणाऱ्या बायका किती असतील याचा अंदाज येतो. साक्षरतेच्या तक्त्यात त्या नाहीत, देवघेवीच्या वहीतही नाहीत. म्हणजे वडिलांच्या नावापुढची एक नोंद खरे तर पाच जणींची होती.

त्या वर्षांत बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा पूर आला होता. योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर. यांतल्या क्षेत्रमाडे आणि अभ्यंकर तर पेशाने डॉक्टर. या साऱ्या जणींना एका पोत्यात घालणे चूक आहे, कारण प्रत्येकीचा वकूब आणि विषय निराळा. पण वाचनालयाच्या खिडकीशी माझ्याकडे येणारी मागणी एकच असे : ‘बाईचं आण.’ फडक्यांची नायिका लग्नापाशी पोहोचली की गोष्ट संपायची. या लेखिकांच्या कादंबऱ्यांत पुष्कळदा गोष्ट लग्नानंतरच सुरू व्हायची. सासू, नोकरी, मूल न होणे, नवऱ्याचे मन दुसरीकडे असणे. ‘असं कुठं असतं का’ हे आईचे वाक्य ही पुस्तके वाचताना मी ऐकल्याचे आठवत नाही.

१९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला आणि तालुक्याच्या गावी नवी पुस्तके येत राहिली, हेही विसरता येत नाही. ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द आपण आज सभांतून वापरतो. अनुदान टिकले ते सभासद होते म्हणून, आणि सभासद टिकले त्यात या दुपारच्या वाचनाचा वाटा मोठा होता.

सातासमुद्रापलीकडेही चित्र फार वेगळे नव्हते. १९८४ मध्ये जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिले. एका मध्यम गावातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना त्या प्रत्यक्ष भेटल्या. गोष्टीत काय आवडते एवढेच न विचारता, वाचता तेव्हा काय होते हेही त्यांनी विचारले. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईला पुस्तक हातात असेपर्यंतचा वेळ तेवढा स्वतःचा असतो, असे त्या बायकांच्या बोलण्यातून निघाले. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दाराजवळचा उजेड आला. अमेरिकेतल्या बाईंनी जे विचारले ते आपल्याकडे का विचारले गेले नाही, याची मला खंत वाटली.

माझा गुन्हा

पण मला तक्रार करायचा अधिकार कितपत आहे? कॉलेजात गेलो, ‘कोसला’ वाचली, चार शहाण्या मित्रांत बसू लागलो. सुट्टीत घरी आलो तर आईच्या हातात तेच कव्हर घातलेले पुस्तक. मी म्हणालो, ‘काय वाचत बसतेस हे! सगळ्या गोष्टी सारख्याच. शेवट आधीच कळतो.’

आई म्हणाली, ‘काठावरचा मोर तरी कुठं बदलतो? तुझा बाप जन्मभर तोच विणतोय. त्याला नाही म्हणत तू काही.’

मला उत्तर सुचले नाही. पण मी हसलो, आणि ते तिच्या लक्षात आले. त्यानंतर तिने मला कधी वाचनालयात पाठवले नाही. शेजारची मुलगी जाऊ लागली. मी घरात असलो की पुस्तक दिसत नसे. सासऱ्यांपासून जसे लपवायची तसे ती माझ्यापासून लपवू लागली. राजवाडे, टीकाकार, फिर्यादी यांच्या रांगेत मीही जाऊन उभा राहिलो होतो, तेही फारसे काही न वाचता. आई गेल्याला आता अकरा वर्षे झाली. तिला कोणती कादंबरी सर्वांत आवडली होती, हे मला सांगता येत नाही.

शोधायला गेलो तर पुस्तकेही नाहीत. वाचनालयात फाटकी पुस्तके बाद करतात, तो नियमच आहे. जे पुस्तक सर्वांत जास्त हातांतून जाते ते सर्वांत आधी फाटते. म्हणून आज जुन्या कपाटांत चांगल्या अवस्थेत उभी आहेत ती बहुतेक कमी वाचली गेलेली पुस्तके. ज्यांच्यावर गाव तुटून पडले होते त्यांची रद्दी झाली. दिवाळी अंकांचे तर विचारूच नका. शाळा सुरू झाली की त्यांची पाने आमच्या वह्यांची कव्हरे होत. ‘श्यामा’चे कथानक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात थोडक्यात नोंदले गेले, म्हणून ते तरी उरले. त्या दिवाळीत निघालेल्या बाकीच्या प्रेमकथांवर कुणी फिर्याद केली नाही, त्यामुळे त्यांचा सारांशही कुठे नाही. म्हणून शिल्लक पुस्तकांवरून त्या काळच्या वाचकाची आवड ठरवू नये. कपाटातल्या रिकाम्या जागाही बघाव्यात.

गेल्या दोन वर्षांपासून मी गावातल्या साठी-सत्तरीच्या बायकांशी या विषयावर बोलतो आहे. सुरुवात ठरलेली असते : ‘आम्ही कुठं वाचत होतो बाबा, घरचंच काम उरकत नव्हतं.’ घरातले पुरुष उठून गेले की मग हळूहळू आठवते. पुस्तकाचे नाव बहुधा आठवत नाही, लेखकाचे त्याहून कमी. नायिकेने कोणती साडी नेसली होती ते आठवते. ती परत येते तेव्हा सासरे दार कसे उघडतात ते आठवते. आपण कुठे बसून वाचत होतो, पोर पोटाशी होते की पाळण्यात होते, कोण ओरडले, ते तर हमखास. एका आजींनी मला एका कादंबरीचा शेवट सांगितला आणि म्हणाल्या, ‘तो मला पटला नव्हता. मी मनातल्या मनात बदलून घेतला.’ बिघडणाऱ्या वाचकाची एवढी चिंता केली गेली, पण वाचक लेखकालाही दुरुस्त करतो हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात जुन्या देवघेवीच्या वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. आणि त्यातली नावे बघताना घरी विचारून घ्या, की हे पुस्तक आणले कुणाच्या नावावर आणि वाचले कुणी. सांगणाऱ्या बायका अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील.

त्या वहीचे काम झाल्यावर मी ग्रंथपालांची परवानगी घेतली आणि वडिलांच्या नावाच्या पानात एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिले, ‘या पानावरील पुस्तकांच्या वाचक’, आणि खाली आईचे पूर्ण नाव. त्याखाली काकूंचे, उरलेल्या दोघींचे आणि मावशींचे. ग्रंथपाल तरुण मुलगा. त्याने चिठ्ठी वाचली आणि विचारले, ‘सर, याला पुरावा काय लावायचा?’

मी म्हणालो, ‘पुस्तकं मीच नेत होतो.’